घरातल्या समुद्राची मळी

सिल्वासाहून समुद्र फार लांब नाही. दमणचा देवका किंवा जंपोर किनारा गाडीने तासाभरात येतो. पण तिथलं पाणी कॅनमध्ये भरून आणावं आणि घरच्या टाकीत ओतावं, अशी सोय नाही. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा जोर मोठा, त्यामुळे गाळ सतत ढवळलेला असतो. शिवाय दमणगंगा वापीच्या कारखान्यांजवळून वाहत येऊन तिथेच समुद्राला मिळते. त्यामुळे इथे ज्याला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे असतील, त्याला समुद्र घरीच बनवावा लागतो. आर.ओ.चं पाणी घ्यायचं, त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं मिश्र मीठ घालायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर १९० लिटर. म्हणजे साडेसहा-पावणेसात किलो मीठ.

पाणी बनवणं सोपं आहे. ते चांगलं ठेवणं अवघड. खऱ्या समुद्रात माशाने टाकलेलं, उरलेलं, कुजलेलं सगळं पाण्याच्या अफाट साठ्यात पातळ होऊन जातं, आणि लाटा त्यातलं बरंचसं फेसाबरोबर काठावर आणून टाकतात. भरतीनंतर जंपोरच्या वाळूवर पिवळट फेसाची रेघ दिसते, ती त्याचीच. माझ्या १९० लिटरना ना साठा आहे, ना काठ. माशाची विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत थर, न खाल्लेलं खाद्य हे सगळं आधी प्रथिनांच्या रूपात पाण्यात विरघळतं, मग जिवाणू ते फोडतात आणि अमोनिया तयार होतो. गोड्या पाण्यात अमोनियाचा बराच भाग निरुपद्रवी रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यात गप्पी आणि मोली वर्षानुवर्षं सांभाळलेला माणूससुद्धा खाऱ्या टाकीत पहिल्या महिन्यात हतबल होतो.

यावर जगभर मान्य झालेला उपाय म्हणजे प्रोटीन स्किमर. प्रथिनं कुजायच्या आतच पाण्यातून बाहेर काढणारी उभी नळी. जर्मनीत १९६० च्या दशकात ती हौशी लोकांच्या घरांत पोचली. पुढे जिवाणू वस्तीला असलेला 'जिवंत' खडक आणि स्किमर एवढ्याच दोन गोष्टींवर टाकी चालवण्याची पद्धत तिथेच रुजली, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. विकत घ्यायला गेलं तर बाहेरून आलेल्या स्किमरची किंमत आपल्याकडे टाकी, स्टँड आणि दिवे मिळून होणाऱ्या खर्चाच्या वर जाते. मी तो घरी बनवला. पैसे वाचले हे खरं, पण बनवल्यामुळे पाणी वाचता यायला लागलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

स्किमर काय करतो ते मला पुस्तकाआधी गुऱ्हाळाने शिकवलं होतं. माझं गाव सांगलीकडचं. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतो. रसातली घाण त्या चिकटपणाला धरून वर येते, फेसाचा जाड थर होतो, आणि तो झाऱ्याने बाजूला केला जातो. त्याला मळी म्हणतात. ज्याने मळी नीट काढली त्याचा गूळ पिवळाधमक. स्किमरच्या कपात जमणाऱ्या तपकिरी द्रवाला आमच्या घरी मळीच म्हणतात.

फरक एवढाच, की इथे उष्णता नाही आणि भेंडीही नाही. इथे काम करतो तो हवेचा बुडबुडा. प्रथिनाच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा पाण्यापासून पळतो. अशा रेणूला पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जागा मिळाली की तो तिथेच ठाण मांडतो. बुडबुडा म्हणजे ती सीमाच. जितकी सीमा जास्त तितकी प्रथिनं जास्त. आता हिशेब बघा. एक मिलिलिटर हवा पाच मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर पृष्ठभाग मिळतो १२ चौरस सेंटिमीटर. तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर १२०. हवा तेवढीच, वीज जवळपास तेवढीच, काम दहापट. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर चढतो, त्यामुळे त्याला प्रथिनं गोळा करायला वेळही जास्त मिळतो. स्किमरचं सगळं गणित या दोन गोष्टींत आहे: बुडबुडा बारीक हवा, आणि त्याला घाई नको.

खारेपणाची इथे मोठी मदत होते. एकच पंप गोड्या पाण्याच्या बादलीत आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत चालवून पाहावा. गोड्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांना भिडले की लगेच जुळून मोठे होतात आणि भसाभस वर येतात. खाऱ्या पाण्यात ते जुळायला तयार होत नाहीत, बादली पांढरीफेक होते आणि बराच वेळ तशीच राहते. म्हणूनच हा उपाय घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत जवळजवळ निरुपयोगी आणि खाऱ्या टाकीत रामबाण.

सामानाच्या बाबतीत सिल्वासासारखं गाव शोधून सापडणार नाही. मसाट, पिपरिया, सायली, नरोली, जिकडे जावं तिकडे प्लास्टिकचे गाळे. मी स्वतः अशाच एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. माझा दिवस प्लास्टिकचा दाणा, डाय, हीटर आणि बेअरिंग यांच्यात जातो. अॅक्रिलिकची ११० मिलिमीटरची पारदर्शक नळी भंगारवाल्याकडे तुकड्यात मिळाली, वजनावर. तिच्यावर ११० चा ६३ करणारा पीव्हीसीचा रिड्यूसर, त्यातून वर ६३ ची नळी हा गळा, आणि गळ्याभोवती १५० मिलिमीटरच्या अॅक्रिलिक नळीचा कप. खाली १० मिलिमीटर शीटची चकती. बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी ३२ चा पाईप, टी आणि गेट व्हॉल्व्ह. पीव्हीसीचं सोल्युशन अॅक्रिलिकला भरवशाने धरत नाही, म्हणून तो जोड चिकटवला नाही. नळीच्या टोकाला खाच पाडून रबरी ओ-रिंग बसवली आणि रिड्यूसर वरून दाबून घातला. त्यामुळे धुवायला तो कधीही निघतो.

खाच पाडायला लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी नळी हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, प्रेशर किती घ्यायचंय?"

"काका, प्रेशर काहीच नाही. आत फेस होणार."

"फेसासाठी लेथ?" म्हणाले, पण काम जिवापाड केलं. अॅक्रिलिक लेथवर लोखंडासारखं चालत नाही. वेग थोडा जास्त झाला की चुरा वितळून टूलला चिकटतो आणि खाच धूसर होते. काकांनी टूल नव्याने घासून धार लावली, वेग उतरवला आणि कापडाने साधं पाणी सोडत राहिले. साबणाचं कूलंट आम्ही मुद्दाम टाळलं, कारण साबणाचा अंश फेसाचा सगळा तोल बिघडवतो. खाच आरशासारखी चकचकीत उतरली.

यानंतरची पायरी घरी काम करणारे बहुतेक जण गाळतात. कापलेल्या अॅक्रिलिकच्या कडेला ताण राहिलेला असतो. त्यावर सॉल्व्हंट पडलं की केसासारख्या चिरांचं जाळं उमटतं. आज दिसत नाही, चार महिन्यांनी दिसतं, आणि एके रात्री पाणी फरशीवर येतं. शेठला विचारून मी तुकडे दाणा सुकवायच्या ओव्हनमध्ये ठेवले, तापमान ७५ ते ८० अंशांच्या मध्ये, काही तास. नंतर दार न उघडता ओव्हन आपोआप थंड होऊ दिला. ताण निघून जातो. मगच चिकटवायला घ्यायचं.

चिकटवणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. दुकानांचे बोर्ड बनवणारे वापरतात तेच क्लोरोफॉर्म, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये, बारीक सुई लावून. नळी चकतीवर उभी ठेवायची, खाली इकडेतिकडे केसाएवढी तार सरकवून किंचित फट ठेवायची, आणि सुईचं टोक सांध्याला टेकवून थेंब सोडायचा. थेंब आपण ढकलत नाही, फट त्याला ओढून घेते. सांध्यातली चंदेरी हवेची रेघ तुमच्या डोळ्यांसमोर पुसत जाते, सुई पुढे सरकते तशी पारदर्शकता पुढे सरकते. एक फेरी पूर्ण झाली की तारा अलगद ओढून घ्यायच्या आणि नळीचं वजन सांध्यावर सोडायचं. सांधा नीट बसला तर दोन तुकडे होते हे ओळखू येत नाही. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, पंखा पाठीमागून लावूनच करायचं. ती वाफ छातीत घेण्यासारखी नाही.

पंपाकडे मी पुष्कळ लक्ष दिलं. कूलरचा स्वस्त पंप चालेल असं अनेकांना वाटतं. त्यातल्या पुष्कळांचा दांडा लोखंडी असतो आणि मिठात तो गंजणारच. सिरॅमिक दांड्याचा, पूर्ण बंद मोटरचा पंप घ्यावा. पितळ आणि तांबं तर कुठेही नको, स्क्रूसुद्धा नायलॉनचे. तांब्याचा अगदी थोडा अंश कोळंबी आणि शंखांच्या जिवावर उठतो. पंपाच्या फिरकीची पाती कापून टाकली आणि तिथे प्लास्टिकच्या खरखरीत जाळीच्या दोन-तीन चकत्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवल्या. पंपाच्या तोंडाशी हवेची बारीक नळी जोडली. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि जाळी तिचा भुगा करते. बाजारातल्या महागड्या स्किमरमध्ये या जागी काट्यांचं चाक असतं, तत्त्व तेच. विजेच्या बोर्डात लीकेज झालं तर सप्लाय तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय मात्र खाऱ्या पाण्यात काहीही सोडू नये. मी मेंटेनन्सवाला आहे, यावर तडजोड करत नाही.

पंप चालू केला की नळी तळापासून गळ्यापर्यंत पांढरी होते. पण पहिले काही दिवस कप कोराच राहतो किंवा नुसतं पाणी उसळून भरतो. नव्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर कारखान्यातले अंश असतात, सांध्यांत सॉल्व्हंट उरलेलं असतं. आतून पाणी वाहत राहिलं, मधे एकदा पातळ व्हिनेगरने धुतलं, की पृष्ठभाग मुरतो. गेट व्हॉल्व्ह किंचित आवळला की नळीतली पातळी वर येते, सैल केला की उतरते. बॉल व्हॉल्व्हने ही बारकाई साधत नाही, म्हणून गेट व्हॉल्व्ह. बाहेर जाणाऱ्या पाईपचा टी वरून उघडा ठेवायचा, नाहीतर सायफन लागून नळी रिकामी होते.

मग एका सकाळी गळ्यात बुडबुड्यांचा रंग बदललेला दिसतो. खाली बारीक पांढरे, वर येता येता एकमेकांवर रचले गेलेले, त्यांच्यामधलं पाणी निथळून परत खाली चाललेलं, आणि सगळ्यात वर फिकट तपकिरी, जवळजवळ कोरडा फेस, जो काठावरून सावकाश वाकून कपात पडतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून हे निघतं. कपाचं झाकण काढलं की वास येतो तो बंदरावरच्या सुकटीच्या जवळचा. ज्या पाण्याला आपण आरपार पाहत होतो, त्यात एवढं होतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माशांविषयी वाटणारी जबाबदारी एकदम वजनदार होते.

घरी बनवलेलं कमअस्सलच असणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक संदर्भ. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या पद्धतींचे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकतात, आणि पद्धतीपद्धतींत फार मोठी तफावत नाही, असं त्यांना आढळलं. माझ्या मते यातून दोन गोष्टी निघतात. महाग यंत्राने चमत्कार होत नाही. आणि स्किमर आहे म्हणून पाणी बदलायचं सोडून चालत नाही. तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट हे यंत्र काढत नाही. त्यासाठी खडकावरचे जिवाणू हवेत आणि ठरावीक काळाने थोडं ताजं पाणीही हवं.

पाण्यात काय आणि किती आहे ते स्किमर बोलून दाखवतो. मी रोज कपाकडे पाहतो आणि मळीचा रंग कालनिर्णयच्या चौकटीत लिहितो: फिकट, चहासारखी, काळपट. खाद्य जास्त पडलं की दुसऱ्या दिवशी मळी गडद होते. एखादा शंख खडकामागे मेला असेल तर तेही आधी कपात कळतं. आणि फेस अचानक बसला तर बहुधा कुणीतरी तेलाचा हात पाण्यात घातलेला असतो. आपल्या घरांत डोक्याला खोबरेल लावणं रोजचं. त्या हाताने टाकीतला एक दगड सरळ केला तरी कित्येक तास गळ्यात फेस धरत नाही. तेल बुडबुड्यांची भिंत फोडतं. म्हणून टाकीशेजारी साबण नाही, पण स्वच्छ पाण्याचा तांब्या आणि कोरडा पंचा असतो. हात कोपरापर्यंत धुवायचा, पुसायचा, मग आत घालायचा. पाहुण्यांनाही हाच नियम.

हवेच्या नळीचंही तसंच. स्किमर जी हवा ओढतो ती थेट पाण्यात मिसळते. पावसाळ्यात इथे डासांचा उपद्रव फार. संध्याकाळी धूरफवारणीची गाडी गल्लीत येते. डास मारायच्या फवाऱ्यांतली रसायनं माशांना आणि कोळंबीला अतिशय घातक असतात. गाडीचा आवाज आला की मी नळीला चिमटा लावतो आणि धूर विरेपर्यंत काढत नाही. एरवी ती नळी खिडकीबाहेर सोडलेली असते, कारण बंद खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. नळीच्या तोंडाशी कोळशाची छोटी बाटली आहे.

उन्हाळ्यात याच नळीचं दुसरं मोल कळतं. ३५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना तो सव्वासहाच्या आसपास येतो, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. इतके बुडबुडे सतत पाण्यातून जात असल्याने हवा आणि पाण्याची देवघेव जोरात चालते, पाणी जितका ऑक्सिजन धरू शकतं तितका धरून ठेवतं. म्हणून मे महिन्यात वीज गेली की मला मळीची नाही, श्वासाची काळजी असते. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप कायम चार्ज करून ठेवलेला आहे. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र गोडंच पाणी भरायचं, कारण मीठ उडत नाही.

कारखान्यात आम्ही ड्रॉइंगप्रमाणे वस्तू बनवतो. माप बसलं की काम संपलं. स्किमरमध्ये माप बसल्यावर काम सुरू होतं. त्याचा शेवटचा हात पाणीच फिरवतं, आणि ते रोज थोडं वेगळं असतं. नोकरीत मी ज्या कौशल्यांनी पगार मिळवतो, तीच सगळी इथे लागली: टूलची धार, ताण काढणं, सांधा, व्हॉल्व्हचा पाव फेरा. पण कारखान्यातला माल गाडीत चढला की दिसत नाही. इथे माझ्या सांध्याच्या पलीकडे दोन क्लाउन मासे आहेत आणि त्यांचं बरंवाईट त्या सांध्यावर आहे. या कामाने मला माझ्या धंद्याविषयी जो आदर दिला, तो पूर्वी इतका नव्हता.

ज्यांना खारी टाकी करायची आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. मासे आणायच्या आधी स्किमर बनवा, त्याला मुरू द्या, पाणी सांभाळता येतंय याची खात्री करा. मासे घेताना हॅचरीत जन्मलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांचं प्रजनन आपल्या देशात यशस्वी केलेलं आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी राहिली आहे. मिळत नसतील तर थांबा, दुकानदाराकडे मागणी नोंदवा. मागणी झाली तरच तो आणेल. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. कुणी दाखवले तरी घेऊ नका.